फलाटावर कोण काय सांगते?

रेल्वेविषयी बोलण्यासारखे आपल्याकडे प्रत्येकाजवळ काही ना काही असते. गाडी किती उशिरा आली, आरक्षण कसे हुकले, मनमाडला मिळालेला चहा कसा पाणचट होता, हे विषय कोणत्याही घरात निघू शकतात. परंतु आपल्यातच एक निराळी मंडळी आहे. भोंग्यावरून इंजिनाची जात सांगणारी, स्थानकाच्या पाटीवरचा ‘ल’ कोणत्या वळणाचा आहे यावर तासभर वाद घालणारी, आणि उद्घोषणेतल्या बाईंचा आवाज नेमका कोणत्या शब्दापाशी तुटतो हे पाठ असणारी. लोक त्यांना कौतुकाने किंवा कंटाळून ‘रेल्वेवेडे’ म्हणतात.

मी राहतो त्या हर्सूलला रेल्वे नाही. तलाव आहे, कारागृह आहे, देवीचे देऊळ आहे आणि फुलंब्री-सिल्लोडकडे जाणारा, दिवसरात्र वाहता जळगाव रस्ता आहे. रेल्वे स्टेशन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तरीही संध्याकाळी तलावाच्या बाजूला फिरायला गेलो की चार-पाच रेल्वेवेडी पोरे हमखास भेटतात. एक अभियांत्रिकीला आहे, एक एस.टी.तल्या वाहकाचा मुलगा, आणि अकरावीतला एक जण तर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतली उद्घोषणा श्वास न घेता म्हणून दाखवतो. ‘काका, तपोवन एक्स्प्रेस सांगू का?’ असे विचारायचा अवकाश, की सुरू! ऐकणाऱ्यांना हसू येते. पण त्यांच्या वादांत मी जसजसा बसत गेलो, तसतसे जाणवू लागले की ही पोरे ज्या गोष्टींवर भांडतात त्या रोज लाखो माणसांच्या वाट्याला येतात. प्रवाशाला कोण सांगते, कोणत्या शब्दांत सांगते, कोणत्या अक्षरांत दाखवते आणि काय सांगायचे राहून जाते, हे त्यांच्या वादाचे सार आहे.

नाव बदलले, मग काय काय बदलले?

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या स्टेशनाचे नाव अधिकृतपणे ‘छत्रपती संभाजीनगर’ झाले. शहराचे नाव २०२३ सालीच बदलले होते. स्टेशनाला त्यानंतर दोन वर्षे लागली. नावाबरोबर स्थानकाचा संकेतही बदलला. तिकिटावर वर्षानुवर्षे दिसणारी ‘एडब्ल्यूबी’ ही तीन अक्षरे गेली आणि ‘सीपीएसएन’ ही चार आली. नाव कोणते असावे यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. त्यात मी भर घालत नाही. पण नाव बदलणे म्हणजे एक पाटी रंगवणे नव्हे, हे या मुलांमुळे नीट कळले. आरक्षणाची संगणक यंत्रणा, तिकिटे, वेळापत्रके, डब्यावरचे फलक, फलाटावरचे विजेचे दर्शक आणि देशभर जिथे जिथे या स्थानकाचे नाव उच्चारले जाते तिथली ध्वनिमुद्रणे, एवढा पसारा त्यामागे असतो.

पाटीचेच पाहा. मराठीत आपण ‘छत्रपती’ लिहितो, शेवटची वेलांटी दीर्घ. हिंदीत तोच शब्द ‘छत्रपति’, ऱ्हस्व. दोन्ही भाषांची लिपी एकच. त्यामुळे मराठी ओळ आणि हिंदी ओळ एकाखाली एक आली की फरक उरतो तो एका वेलांटीचा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते, एकच नाव दोनदा कशाला लिहिले? रेल्वेवेडा मात्र आधी ती वेलांटी तपासतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा आमच्या अभियंत्याने काढला. तो म्हणाला, ‘काका, नांदेडहून मुंबईला जाणारी गाडी छत्रपती संभाजीनगरवरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. विजेच्या दर्शकावर अक्षरे सरकत येतात. आधी दिसते ते ‘छत्रपती’. पुढचे दिसेपर्यंत माणूस धावत सुटलेला असतो.’ दोन्ही नावे आपल्या आदराची आहेत आणि दोन्ही लांब आहेत. आदर कायम ठेवून दर्शकावर नाव एका वेळी पूर्ण कसे दिसेल, अक्षर केवढे असावे, गाडीचा क्रमांक आधी की नाव आधी, हा विचार कोणीतरी बसून करायला हवा. वाहकाच्या मुलाचे मत वेगळे. ‘लोक नाव वाचतच नाहीत, क्रमांक आणि फलाट बघतात,’ तो म्हणाला. त्यावर अकरावीतला उसळला, ‘माझी आजी क्रमांक बघत नाही!’ वाद तिथे मिटला नाही; पण आजीचा मुद्दा खोडणे कोणालाच जमले नाही.

अक्षराचे वळण

अक्षरे वाचण्यासाठी असतात, त्यांच्या वळणावर वाद कसला, असे कोणी म्हणेल. लंडनच्या भुयारी रेल्वेने १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून स्वतःसाठी खास अक्षरे काढून घेतली. जाहिरातींच्या गर्दीत स्थानकाचे नाव चटकन ओळखू यावे, हा त्यामागचा हेतू. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत तऱ्हेतऱ्हेच्या पाट्यांचा गोंधळ माजला, तेव्हा १९७० साली सगळ्या पाट्यांसाठी एक नियमपुस्तिकाच तयार झाली. आज तिथले रेल्वेवेडे ती पुस्तिका एखाद्या पोथीसारखी चाळतात.

आपल्याकडेही अक्षराची परंपरा काही कमी नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक टाइप एकोणिसाव्या शतकापासून देशभर नावाजले गेले. देवनागरीत मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे दोन घाट छापखान्यांत जुन्या काळापासून चालत आले. ‘अ’, ‘झ’, ‘ण’, ‘ल’, ‘श’ यांत हा फरक डोळ्यांत भरतो. राज्य शासनाने २००९ साली मराठी अक्षरांची प्रमाण रूपे ठरवून दिली. त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे. संगणकावर देवनागरी आली तेव्हा र. कृ. जोशींसारख्या मराठी कवी-सुलेखनकाराने ‘मंगल’ हा टंक घडवला आणि तो जगभरच्या संगणकांत पोचला. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. म्हणजे कारागीर आहेत, साधन आहे, नियम आहे. उणीव आहे ती पाटी लावताना या तिन्हींची आठवण ठेवण्याची.

भारतीय रेल्वेची पिवळ्यावर काळ्या अक्षरांची पाटी मला तिच्या साधेपणामुळे फार आवडते. धावत्या गाडीतून, धुळीत, तिन्हीसांजेच्या उजेडातही ती वाचता येते. जुन्या रंगाऱ्यांनी ब्रशने काढलेल्या अक्षरांत जाडबारीकपणाचे एक शहाणपण होते. एस.टी.च्या पत्र्याच्या पाट्यांवरही ते दिसायचे. हर्सूलच्या थांब्यावर उभे राहून लांबून ‘सिल्लोड’ ओळखू येत असे ते त्यातल्या ठसठशीत ‘ल्लो’मुळे! आता संगणकावर नाव टाइप करून छापून चिकटवणे सोपे झाले आहे. पण अक्षर लांबट ताणले की काना आणि वेलांटी एकमेकांत शिरतात, जोडाक्षर फुटते, अनुस्वार हरवतो. इंग्रजीत एखादे अक्षर वाकडे झाले तर शब्द कुरूप दिसेल. देवनागरीत मात्र अनुस्वार पडला की शब्दच वेगळा होतो.

मग ‘ळ’चा प्रश्न. लोणावळ्याचा, जळगावचा ‘ळ’ हिंदीच्या आणि इंग्रजीच्या ओळीत ‘ल’ होऊन बसतो. ज्याच्या भाषेत ‘ळ’ नाही त्याने ‘ल’ म्हटले तर तक्रार नाही. परंतु मराठी ओळीतही तो ‘ल’ शिरला तर ती पाटी कोणासाठी लावली आहे, असा प्रश्न पडतो. शीवचे सायन आणि भायखळ्याचे बायकला झाले ते इंग्रजांच्या जिभेमुळे. आज आपलेच हात लिहितात तेव्हा ती सबब चालणार नाही.

आवाज कोणाचा?

सरला चौधरी हे नाव आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल; आवाज मात्र साऱ्या देशाने ऐकला आहे. ऐंशीच्या दशकात मध्य रेल्वेत उद्घोषक म्हणून त्या लागल्या, तेव्हा प्रत्येक गाडीची सूचना माइकसमोर बसून स्वतः द्यावी लागे. पुढे त्यांचा आवाज मुद्रित झाला आणि यंत्रातून वाजू लागला. या यंत्राची रीत समजून घेण्यासारखी आहे. स्थानकांची नावे, शून्य ते नऊ हे आकडे, ‘फलाट क्रमांक’, ‘वरून सुटणारी’ असे तुकडे वेगवेगळे मुद्रित केलेले असतात आणि यंत्र ते गरजेप्रमाणे ओवते. म्हणून तपोवन एक्स्प्रेसचा क्रमांक ‘एक-सात-सहा-एक-सात’ असा सुटा सुटा येतो आणि गावाचे नाव मधेच वेगळ्या पट्टीत लागते. आमचा अकरावीतला नकलाकार नेमकी तीच पट्टी पकडतो. नवे नाव आले की त्या माळेतला एक मणी बदलावा लागतो, आणि मूळ आवाज मिळाला नाही तर दुसऱ्याच कोणाच्या आवाजातला मणी ओवला जातो. कान तयार असेल तर ते चटकन कळते.

भाषेचेही तसेच. हिंदी मसुदा पुढ्यात ठेवून मराठी केली की ‘असुविधेबद्दल खेद आहे’ असे काहीतरी कानी पडते. आपल्याकडे ‘गैरसोय’ हा शब्द असताना ही असुविधा कशाला? ‘यात्रा’ आपण पंढरीची किंवा काशीची करतो. मुंबईला जातो तो प्रवास. ‘रूळ ओलांडू नका’ हे तीन शब्द जिवाच्या कामाचे आहेत. ते ऐकताच पाय थांबला पाहिजे, वाक्याचा अर्थ लावत बसण्याची पाळी येता कामा नये.

फलाट आणि गाडी यांच्यातल्या पोकळीची सूचना मुंबईकर रोज ऐकतात आणि रोज दुर्लक्ष करतात. त्या पोकळीची किंमत जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला कळली. एका महाविद्यालयीन मुलीला दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि उपनगरी फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला. सूचना हवीच, पण सूचनेने पोकळी बुजत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

लंडनच्या एम्बँकमेंट स्थानकावर हीच सूचना ओस्वाल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजात दिली जात असे. ते वारले, पुढे नवी यंत्रणा आली आणि तो आवाज बंद झाला. पतीचा आवाज ऐकायला त्या फलाटावर येऊन बसणाऱ्या त्यांच्या पत्नीने विनंती केली, आणि २०१३ साली त्या एका स्थानकापुरता तो आवाज पुन्हा सुरू करण्यात आला. यंत्रातून येणाऱ्या आवाजामागे माणूस असतो, याची याहून चांगली आठवण कोणती?

आपल्याकडची आठवण अधिक कठोर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या खोलीत होते. प्रवाशांनी स्थानकाबाहेर पडावे, मागच्या बाजूने निघावे, असे ते माइकवरून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पुढ्यातले दृश्य पाहून, कोणता रस्ता मोकळा आहे हे ओळखून त्यांनी ते सांगितले. असंख्य लोक त्या शब्दांमुळे वाचले. मुद्रित तुकड्यांच्या माळेत ते वाक्य कुठेच नव्हते.

उलट बाजू १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्थानकावर दिसली. कुंभमेळ्याला निघालेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन १८ जणांचा मृत्यू झाला. प्रयागराज एक्स्प्रेस आणि प्रयागराज विशेष या सारख्या नावांच्या गाड्यांच्या उद्घोषणेने गोंधळ उडाला, असे दिल्ली पोलिसांनी सुरुवातीला सांगितले. एका प्रवाशाच्या डोक्यावरचे ओझे पडल्याने घटना घडली, असे रेल्वेमंत्र्यांनी नंतर संसदेत सांगितले. कारण कोणतेही धरा. तुडुंब भरलेल्या फलाटावर एका शब्दाची संदिग्धता किती महाग पडू शकते, याची शंका आल्यावाचून राहत नाही. सारख्या नावांचा आमच्या अभियंत्याचा मुद्दा मला म्हणूनच क्षुल्लक वाटत नाही.

उद्घोषणाच नकोत, गोंगाट होतो, असाही एक विचार आहे. चेन्नई सेंट्रलला २०२३ साली तो प्रयोग झाला आणि दृष्टिहीन प्रवाशांच्या हरकतीनंतर आवाज परत आला. ज्याला पाटी दिसत नाही त्याच्यासाठी आवाज हीच पाटी.

गाडी का थांबली?

रेल्वेवेड्यांचा तिसरा आवडता विषय म्हणजे गाड्यांचे चलनवलन. मुंबईकडे लोकलच्या कपाळावर ‘एस’ दिसला की ती कर्जतची आणि ‘एन’ दिसला की कसाऱ्याची. कल्याणला फुटणाऱ्या दोन मार्गांच्या दिशांवरून, आग्नेय आणि ईशान्य यांच्या इंग्रजी नावांवरून, ही अक्षरे आली. नवख्या माणसाला यातले काहीच कळत नाही; सराईताला एवढे एक अक्षर पुरते.

आपल्या मराठवाड्यात प्रश्न निराळा. निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी आलेला हा मार्ग नव्वद वर्षे मीटरमापी राहिला. रुंद मार्गासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने आवाज उठवला, आंदोलने झाली, तेव्हा कुठे नव्वदच्या दशकात रुंद रूळ आले. पण आले ते एकेरीच. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून दुसरी येत असेल तर एकीने स्थानकात बाजूच्या रुळावर थांबायचे. त्यालाच आपण ‘क्रॉसिंग’ म्हणतो. पोटूळला किंवा लासूरला गाडी अर्धा तास का उभी आहे, हे रेल्वेवेडा घड्याळ पाहून सांगतो. बाकी डबा अंदाज बांधत बसतो. कोणी साखळी ओढली म्हणतो, कोणी इंजिन बिघडले म्हणतो. ‘समोरून गाडी येत आहे, ती गेल्यावर निघू’ एवढे वाक्य डब्यात कोणी उच्चारले तर माणसे शांत होतील. संभाजीनगर ते परभणी या सुमारे १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. काम पुरे होईपर्यंत थांबणे आपल्या नशिबी आहे. निदान कारण तरी कळावे.

आणि काही वेळा न कळण्याची किंमत भयंकर असते. ८ मे २०२० ची पहाट आपल्या जिल्ह्याला विसरता येणार नाही. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघालेले मध्य प्रदेशातले मजूर रुळांवरून चालत भुसावळकडे निघाले होते. थकून करमाडजवळ रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. मालगाड्या चालू होत्या. पहाटे आलेल्या रिकाम्या मालगाडीखाली १६ जण गेले. टाळेबंदी, उपाशी पोट, घराची ओढ ही कारणे मोठी आहेत आणि त्यांची जबाबदारी एखाद्या पाटीवर ढकलता येणार नाही. तरीही ‘गाड्या बंद’ हे अर्धे वाक्य देशभर पोचले आणि ‘मालगाड्या चालू’ हे उरलेले अर्धे त्या माणसांच्या हाताशी नव्हते, हे मनातून जात नाही.

आपल्या शहरासाठी

मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, ३३.५ किलोमीटर आणि २७ स्थानके. भुयारात खिडकीबाहेर अंधार असतो. मुंबईहून आपल्याकडे येताना देवगिरीचा किल्ला दिसला की आपण सामान आवरायला घेतो. भुयारात तो किल्ला नाही. तिथे पाटी आणि आवाज एवढेच दोन डोळे. आपल्या शहरासाठीही मेट्रोचे आराखडे झाले, चर्चा झाल्या. रूळ अजून पडलेला नाही. तो पडेल तेव्हा पडेल. शहर बस, एस.टी. आणि रेल्वे मात्र आजही आहेत, आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या गोष्टींना कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

मराठी मजकूर मराठी जाणणाऱ्याने लिहावा आणि लावण्यापूर्वी मोठ्याने वाचून पाहावा. लांब नाव दर्शकावर एका दमात दिसेल अशी सोय करावी. सारख्या नावांच्या गाड्या एका वेळी, शेजारच्या फलाटांवर येणार असतील तर आधी क्रमांक, मग नाव, आणि दोन्हींतला फरक स्पष्ट सांगावा. शून्यातून सगळे यंत्रावर सोपवू नये. अडचणीच्या वेळी माइकजवळ एक जाणता माणूस असावा. आणि पाटी लावण्याआधी ती तीन जणांना दाखवावी: एका शाळकरी मुलाला, एका परगावच्या माणसाला आणि चष्मा घरी विसरलेल्या एखाद्या आजीला.

या रेल्वेवेड्या पोरांना कोणी विचारत नाही. पगार नाही, पद नाही, तरी पाटीवरची चुकलेली वेलांटी त्यांना टोचते. आपल्या सार्वजनिक व्यवस्थेत अशी टोचणी फार थोड्यांना लागते. स्थानकाच्या प्रवासी बैठकीला वर्षातून एकदा अशा दोघांना बोलावून घ्यायला काय हरकत आहे? तासभर ऐकून घ्यावे. त्यांच्या दहा सूचनांतल्या आठ निरुपयोगी निघाल्या तरी उरलेल्या दोनांत एखाद्याची गाडी चुकायची वाचेल, आणि कदाचित गाडीहून मोठे काहीतरी.